कोऱ्या नळीतलं पाणी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या प्रयोगशाळेचे संचालकसाहेब. मंचावरील पशुवैद्यक खात्याचे मान्यवर. पहिल्या रांगेतल्या वहिनी. माझे सहकारी, आणि ज्यांच्यासाठी हा हार आणलाय ते आमचे दादा, म्हणजेच बगळोबा. हे नाव मी ठेवलेलं नाही. एवढे लांब पाय घेऊन माणूस आयुष्यभर पाण्यात उभा राहिल्यावर दुसरं काय होणार?

एकतीस वर्षं दादांनी तळ्याकाठच्या चिखलात रानपक्ष्यांचे नमुने घेतले. त्यांनी नळ्या आणायच्या, मी त्यांतल्या फ्लूच्या विषाणूंची जनुकं वाचायची. 'वाचलंस का गं?' म्हणत दारात उभे राहायचे, आणि उत्तर मिळेपर्यंत हलायचे नाहीत.

भाषणासाठी चार गमतीचे प्रसंग सापडावेत म्हणून गेल्या आठवड्यात मी जुन्या नोंदी उपसत बसले. गंमत काही सापडली नाही.

पाहुण्यांसाठी सांगते, आमच्या प्रत्येक तपासणीत एक नळी नुसत्या पाण्याची असते. तिच्यात काहीही निघता कामा नये. मागच्या हिवाळ्यात एकदा त्या पाण्यात अख्खा विषाणू निघाला होता. मी काय केलं? 'चूक, पुन्हा करणे' असं लिहिलं, पुन्हा केलं, पाणी कोरं आलं, मी सुटकेचा निःश्वास सोडला. पाच आठवड्यांनी तळ्यावर रानबदकं मरायला लागली. त्यांच्यातला विषाणू आणि त्या नळीतला विषाणू मी आत्ता कुठे शेजारी ठेवून पाहिले. अक्षर न् अक्षर तोच. बदकांच्या आधी नळीत तो आला कुठून?

मग आठवलं. जो यंत्र चालवतो त्यानंच पाण्याची नळी भरायची, असा आमचा नियम. त्या दिवशी मी घाईत होते. दादा नुकतेच तळ्यावरून आले होते, मास्क हनुवटीवर. म्हटलं, 'दादा, तेवढं पाणी भरता?'

'पाणीच तर भरायचंय, त्यात काय मोठं,' म्हणाले, आणि दोनदा शिंकले.

आठवडाभर त्यांना ताप होता. पुढच्या आठवड्यात वहिनींनी अंथरूण धरलं. आपण सगळे म्हणालो, हवा बदलली.

हे मी संचालकसाहेबांच्या आणि या दोघांच्या परवानगीनं बोलतेय. दादांच्या रक्तात त्याच विषाणूच्या खुणा निघाल्या. पक्ष्यांत वावरणारा माणूस, म्हणून मनाची समजूत घातली. मग वहिनींचं रक्त तपासलं. वहिनींनी जन्मात पक्ष्याला हात लावलेला नाही. त्यांच्यातही त्याच खुणा. शेवटी माझं तपासलं. माझ्यातही त्याच. मला त्या हिवाळ्यात साधी शिंकसुद्धा आली नव्हती.

दादा, दोष तुमचा नाही. पाच आठवडे आधी कळलं असतं, ते मी खोडून टाकलं. याची मला लाज वाटते, आणि तुमच्यासमोर बोलताना भीतीही वाटते.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. निरोपाच्या प्रसंगी नको ते बोलले असेन, तर पोटात घालावं. एकच विनंती. बाहेर पडण्याच्या दारापाशी परिचारिका बसल्या आहेत. सर्वांनी बाही वर करून रांगेत यावं. मागच्या हिवाळ्यात ज्यांना काहीच झालं नव्हतं, त्यांनीही.