गाळलेली सत्तरी

बारक्या : पाण्यात? बाबांनी हद्दीचा दगड वाहत्या पाण्यात पुरला?

मोजणीवाली : मी फक्त मोजलं, काका. वाटणीच्या कागदात स्पष्ट लिहिलंय, "काळ्या दगडापासून ओढ्याकडे नाकासमोर तीनशे पावलं; तिथे दगड पुरला आहे, ती हद्द." मोठ्या माणसाचं पाऊल पाऊण मीटर धरलं की तीनशे पावलं इथे संपतात. ओढ्याच्या मधोमध.

ताई : बारक्या, बूट काढ. तुझी जमीन ओली आहे.

बारक्या : तू थट्टा कर. काळ्या दगडापासून हद्दीपर्यंतचं रान माझं, हद्दीपासून ओढ्यापर्यंतचं तुझं. हद्दच ओढ्यात गेली तर तुझ्या वाट्याला काय? शेवाळ?

ताई : मी शेवाळावर खुर्ची टाकून बसेन. माझी काळजी नको.

मोजणीवाली : मावशी, काका, जरा माझं ऐका. सकाळपासून झुडपं तोडून माझे हात सोलले आहेत. मला एकच सांगा, ही पावलं टाकली कुणी होती?

ताई : बाबांनी. आणखी कोण टाकणार?

बारक्या : बाबांनी कशी गं? बाबांचा पाय तेव्हा प्लास्टरमध्ये नव्हता का? शिडीवरून पडले होते ते. पावलं मी टाकली.

ताई : तुला आठवतंय?

बारक्या : आठवतंय म्हणजे! सात वर्षांचा होतो. बाबा मागून काठी टेकत, तुझ्या हातात चुन्याची पिशवी. बाबा म्हणाले, "बारक्या तीनशे मोजेल तिथवर बारक्याचं, पुढचं ताईचं." मी असा छाती काढून चाललो, विचारू नका.

मोजणीवाली : काका! हे आत्ता सांगताय?

बारक्या : तुम्ही आत्ता विचारलंत.

मोजणीवाली : सात वर्षांच्या मुलाचं पाऊल फार तर अर्धा मीटर. म्हणजे दीडशे मीटर. थांबा, माझ्या टेपवर... हं. ते मोठं झाड आहे ना, खाली बसायची फळी ठोकलेली? त्याच्या थोडं पलीकडे येईल. ओढ्याच्या बाजूला.

बारक्या : थोरल्याच्या पलीकडे?

मोजणीवाली : थोरला कोण?

ताई : तेच झाड. आम्ही लहानपणापासून त्याला थोरला म्हणतो. घरात थोरला भाऊ नव्हता, म्हणून.

बारक्या : म्हणजे वाट लागलीच. हद्द ओढ्यातून मागे आली, तरी त्याच्या पलीकडेच; थोरला माझ्यातच. आणि माझ्यातलं सगळं उद्या सकाळी कापायला ठेकेदार येणार. ताई, मी शब्द देऊन बसलोय गं. सहीसुद्धा केली आहे. काळ्या दगडापासून हद्दीपर्यंत, उभं असेल ते सगळं. तेवढं एक सोड म्हणून दोनदा त्याच्या विनवण्या केल्या. तो म्हणाला, बाकीचं काय सरपण आहे, लाकूड म्हणावं असं ते एकच.

ताई : मला सांगतोस कशाला? मी काही म्हटलं का?

बारक्या : म्हणत नाहीस तेच अंगावर येतं. भावोजी आजारी होते तेव्हा रोज दुपारी त्या फळीवर जाऊन रडून यायचीस तू. तुला वाटतं मला ठाऊक नाही?

ताई : रडायला जात नव्हते. चहा प्यायला जात होते.

बारक्या : कप न घेता?

मोजणीवाली : आपण आधी जाऊन बघू या का? दगड सापडल्याशिवाय सगळं हवेतच आहे.

(तिघं रानातून मागे येतात. मोजणीवाली थोरल्याच्या पलीकडे लोखंडी सळई जमिनीत खुपसत राहते. बराच वेळ नुसता मातीचा आवाज.)

मोजणीवाली : नाही. दोन हात इकडे बघितलं, दोन हात तिकडे बघितलं. मुळं आहेत, दगड नाही.

ताई : कुणीतरी उचलून नेला असेल. चूल मांडायला चांगला होता. इथेच खुंट ठोक, पोरी, आणि लाल फीत बांध. झालं.

मोजणीवाली : असं कसं लिहू, मावशी?

ताई : लिही, हद्द मान्य. मी सही करते.

बारक्या : ताई, तुला कळतंय का? इथे खुंट ठोकला तर थोरला उद्या जाणार.

ताई : कळतंय. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, बहिरी नाही.

बारक्या : मग एवढी घाई कसली? मघाशी ओढ्यात होतीस तेव्हा थट्टा सुचत होती. पावलं कुणी टाकली विचारलं, तर बाबांचं नाव पुढे केलंस. तू पाहिलं होतंस मला चालताना. माझ्या मागेच होतीस. खोटं का बोललीस?

ताई : खोटं नाही. विसरले.

बारक्या : तू? शेजारच्यांच्या म्हशीचा वाढदिवस लक्षात ठेवणारी तू?

ताई : बारक्या, नको उकरूस.

बारक्या : उकरायलाच तर बाई आणली आहे.

ताई : ...बरं. मग ऐक. आणि मध्ये बोलायचं नाही. तू मोजत होतास. मोठमोठ्याने, रान दणाणून सोडलं होतंस. पहिला शंभर. सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर, ऐंशी.

बारक्या : काय?

ताई : एकोणसत्तर, ऐंशी. सबंध सत्तरी गाळलीस. दुसऱ्या शंभरात तेच. तिसऱ्यातही तेच.

मोजणीवाली : अगंबाई! माझी मुलगी अगदी असंच करते. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी तिला एकच वाटतात. तिथे आली की उडी मारून सरळ ऐंशीत.

ताई : तीन शंभरांत दहा-दहा. तीस पावलं कमी टाकलीस तू, बारक्या. दोनशे सत्तर टाकलीस आणि तीनशे म्हणून ओरडलास.

बारक्या : आणि तू गप्प बसलीस?

ताई : पहिल्यांदा बोलणारच होते. तर तू मागे वळून बाबांकडे बघितलंस. इतकं फुललं होतं तुझं तोंड. शाळेत रोज गणितासाठी छडी खायचास, आणि इथे बाबा तुला शाबास म्हणत होते. मी चुन्याची पिशवी सावरली आणि तुझ्या मागे चालत राहिले.

बारक्या : म्हणजे माझ्यासाठी गप्प बसलीस. मग त्यात वाईट काय आहे?

ताई : तेवढंच असतं तर बासष्ट वर्षं पोटात कशाला ठेवलं असतं? तिसऱ्या शंभरात मला दिसलं, तू थोरल्याच्या अलीकडेच थांबणार. ती दहा-दहा टाकली असतीस तर थोरला तुझ्यात गेला असता. मला तो हवा होता रे. बारा वर्षांची होते, हावरट होते. दगड पुरताना चुना मीच टाकला. म्हणून म्हणते, इथे ठोक खुंट. ही तुझी तीनशे. तुझी तीस पावलं तुला परत केली, मी सुटले.

बारक्या : आणि थोरला?

ताई : त्याचं मी बघेन. एक दिवस रडेन.

बारक्या : कप घेऊन की न घेता?

ताई : मेल्या, हसू नकोस!

बारक्या : हसू नको तर काय करू? चुकलो मी, गाळली मी, आणि बासष्ट वर्षं चोरासारखं तोंड तुझं! अगं, बाबा काय म्हणाले होते? बारक्या मोजेल तिथवर. मी मोजलं ते एवढं. बाई, इथून मागे पंधरा मीटर. चला.

ताई : बारक्या, ऐक—

बारक्या : आज मी थोरला आहे. तू गप्प बस.

मोजणीवाली : काळ्या दगडापासून एकशे पस्तीस मीटर. झाडाच्या अलीकडे येतं... इथे. नाही. जरा डावीकडे. नाही. थांबा.

बारक्या : वाजलं! टण् झालं, मी ऐकलं.

मोजणीवाली : कुदळ द्या. हळू. माती हाताने काढू या. हा बघा, घडवलेला आहे, चौकोनी डोकं. आणि तिकडे झाड. चांगलं पाच-सहा मीटर पलीकडे.

ताई : पण पोरी, कागदात तर तीनशे लिहिलंय. कागद खरा धरायला हवा.

मोजणीवाली : नाही, मावशी. मूळ दगड जागच्या जागी सापडला की कागदातली पावलं मागे पडतात. फक्त तो नंतर कुणी हलवलेला नाही, एवढी खात्री पाहिजे. पूर्वी दगडाखाली न कुजणारं काहीतरी ठेवायचे, कोळसा, काच. बघू दे... कोळसा आहे. आणि ही... ही काय, गोटी?

बारक्या : निळी?

मोजणीवाली : निळी, आत पांढरी रेघ.

बारक्या : माझी आहे ती! ताई, माझी निळी गोटी! तू ढापलीस म्हणून मी अख्खी सुट्टी तुझ्याशी बोललो नव्हतो!

ताई : मी शपथा घेऊन सांगत होते. कुणी विश्वास ठेवला?

बारक्या : बाबांनी ठेवली होती. आणि तू शिव्या खात होतीस तेव्हा शेजारी बसून पेपर वाचत होते.

ताई : हसत होते पेपरामागे. आता कळतंय मला. आणि बारक्या, एक सांगू? तू पहिल्यांदा सत्तरी गाळलीस तेव्हा मी वळून त्यांच्याकडे बघितलं होतं. ते वर फांद्यांकडे बघत होते. मला वाटलं, ऐकलं नाही.

बारक्या : बाबांनी? आयुष्यभर हिशेब तपासणाऱ्या माणसाने?

ताई : ऐकलं असणार, नाही का?

बारक्या : ऐकलंच. त्यांनाही थोरला तुझ्याकडेच हवा होता. तू तिथेच बसून पुस्तकं वाचायचीस. मी नुसता दगड मारायचो त्याला.

ताई : एवढी वर्षं मी उगाचच जीव जाळला म्हणायचा.

बारक्या : उगाच कसा? म्हणून तर दर सुट्टीत मला दुप्पट खाऊ दिलास. मला वाटायचं, ताईची माया आहे.

ताई : माया होतीच. वरचा अर्धा पापाचा होता.

मोजणीवाली : माझ्या डोळ्यांत माती गेली. एक मिनिट. ...बरं, फीत बांधली. ठेकेदाराला सांगा, लाल फितीच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही. मावशी, इथे सही. काका, तुमची इथे. पत्ता सध्याचाच लिहू ना?

बारक्या : पुढच्या आठवड्यापासून मुलाचा. वरच्या मजल्यावर खोली दिली आहे मला, खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. गुडघे गेले, एकट्याने रान सांभाळवत नाही. तो म्हणतो, या.

ताई : जा बाबा. जायलाच हवं. मी काही म्हटलं का?

बारक्या : म्हणत नाहीस तेच...

ताई : पुरे.

मोजणीवाली : आणि वय, काका?

बारक्या : एकोणसत्तर. पुढच्या महिन्यात बदलेल.

ताई : किती होणार, सांग तिला.

बारक्या : ऐंशी.

ताई : बारक्या!

बारक्या : सत्तर, सत्तर. चुकलो.

ताई : मग एकाहत्तर, मग बाहत्तर. या खेपेला मध्ये एकही गाळायचं नाही, सांगून ठेवते. आणि दर वाढदिवसाला इथे फळीवर येऊन मला मोजून दाखवायचं.

बारक्या : बसथांब्यापासून केवढं चालावं लागतं, ताई. आणि हे गुडघे.

ताई : छोटी पावलं टाक.