आंबा सोडलेल्या बाईचं दुकान

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय डॉ. विश्वजीत आठल्ये, प्रमुख पाहुण्या मालविकाताई शेवडे, काशीतल्या आपल्या महाराष्ट्र मंडळाचे सर्व पदाधिकारी, दूधविनायकाहून वेळेवर येऊन पुढे बसलेल्या आणि घाटावरची आरती आटोपून आत्ताच मागच्या दाराने आलेल्या माझ्या सर्व आप्तस्वकीयांनो,

शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, मानपत्रही वाचून झालं. त्यात माझा उल्लेख ‘त्यागमूर्ती’ असा पुन्हा पुन्हा आला, आणि दर वेळी मी हळूच मागे वळून पाहिलं की दुसरं कोणी उभं आहे का. सत्काराला उत्तर म्हणून मृणालिनी पाध्ये दोन शब्द बोलतील, असं कार्यक्रमपत्रिकेत छापलंय. दोन शब्दांत आभार मानून खाली बसावं, हेच शहाणपणाचं. पण शहाणपणाची हौस माझी या वर्षात पुरती फिटली आहे. तेव्हा थोडं सहन करा.

आमच्या ‘आईची बरणी’ या ऑनलाइन दुकानाला वर्ष झालं, म्हणून हा सोहळा. दुकान माझं, असं आपण सगळे म्हणता. खरं सांगते, दुकान माझ्या सुनेचं, नीरजाचं. ती अमरावतीची. इथे एका खाजगी शाळेत शिकवत होती. ती शाळा बंद पडली आणि माझी बडबडी सून गप्प झाली. स्वयंपाक करायची, भांडी आवरायची आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. अनिमेषने, माझ्या मुलाने, नाना उपाय केले. मीही केले. उपाय म्हणजे काय, तर चहा करून नेऊन द्यायचा. दुसरं सासूला काय येतं?

मग एक दिवस तिने माझ्या मुरांब्याच्या बरणीचा फोटो काढला. गच्चीत, उजेड चांगला म्हणून. माकडाने ती बरणी पळवली आणि शेजारच्या कठड्यावर बसून अर्धी संपवली. नीरजा त्या दिवशी किती तरी महिन्यांनी पोट धरून हसली. म्हणाली, “आई, आपल्याला पहिलं गिऱ्हाईक मिळालं. आता दुकान काढायचंच.” ती हसते आहे म्हटल्यावर मी कशालाही हो म्हटलं असतं.

दुकान काढणं म्हणजे मला वाटलं होतं, एक पाटी लावायची. इथे पाटी फोनच्या आत. पहिली ऑर्डर माझ्या इंदूरच्या नणंदेची, दुसरी तिच्याच जावेची. पहिलं पार्सल पोहोचलं तेव्हा आत काच वेगळी आणि मुरांबा वेगळा होता. आमच्या गल्लीत पार्सल न्यायला येणारा चौकात उभा राहून फोन करायचा, “अम्मा, घर कहाँ है? नक्शे में तो हम आपके ऊपर खड़े हैं।” महिनाभर नातेवाईक सोडून कोणी फिरकलं नाही. मग नीरजा म्हणाली, प्रचार करावा लागेल, लोकांना बनवणारा माणूस बघायचा असतो. मी नवीन लुगडं नेसून कॅमेऱ्यासमोर बसले. तिने सांगून ठेवलं होतं, “आई, तुम्ही फक्त हसा, बाकी मी बघते.”

मी हसले. लोक पाहत होते, खाली लिहीत होते, नीरजा वाचून दाखवत होती. आजी गोड आहेत, आजींचा पाक छान. आणि मग कुणीतरी लिहिलं, आजी, एक चमचा खाऊन दाखवा ना.

मंडळी, चमचा हातात होता. मी हसतच राहिले. पुन्हा लिहून आलं, खाऊन दाखवा. मी बरणीचं झाकण लावलं. पुढचं नीरजाने वाचून दाखवलं नाही, पण तिचा चेहरा मला वाचता आला. ज्या बाई स्वतः खात नाहीत त्यांच्या मालाचं काय समजायचं, असं लोक म्हणत होते. साखरेऐवजी भलतंच काही घातलं असेल, असंही. तेवढ्यात आलेल्या चार ऑर्डरीही रद्द झाल्या. भरलेल्या बरण्या दालनात तशाच राहिल्या आणि नीरजा पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपली.

मी का खाल्लं नाही, हे तुम्हाला मानपत्रातून कळलंच आहे. मी काशीत आंबा सोडला आहे. कैरीपासून इथल्या पिकल्या लंगडा आंब्यापर्यंत सगळाच. महाराष्ट्रातून यात्रेकरू येतात, गंगेत उभे राहून आवडती भाजी किंवा फळ सोडतात, आयुष्यभर पाळतात. आपल्यापैकी किती जणांनी घाटावर तो संकल्प लोकांना सांगितला असेल! आम्ही इथलेच, आम्ही कशाला काय सोडतोय? पण हे गेले, मणिकर्णिकेवर सगळं झालं, दिवसकार्य उरकलं आणि दशाश्वमेधाच्या पायरीवर आमचे चुलतदीर बिंदुमाधवभावोजी मला म्हणाले, “वहिनी, यांच्या नावाने काही सोडणार का?” मी म्हटलं, आंबा.

आता मानपत्रात जे लिहिलेलं नाही ते सांगते. त्यात त्याग काही नव्हता. हे बाजारातून लंगडा आणायचे, बादलीत भिजत घालायचे आणि पोरासारखे बादलीशेजारी बसून राहायचे. ती बादली पुन्हा भरलेली मला पाहवली नसती. माझ्याच्याने सोसवत नव्हतं, म्हणून सोडला. पुण्याचा विचार माझ्या मनातही आला नाही.

नीरजाने मला खा, असं एकदाही म्हटलं नाही. हे तिचं मोठेपण मी या सभेत मुद्दाम सांगते. तिने वेगळंच केलं. दोन दिवसांनी मी स्वयंपाकघरात होते आणि बाहेरच्या खोलीत ती फोनसमोर बसून सांगत होती, आमच्या आई आंबा का खात नाहीत. बादलीची गोष्ट, घाटाची गोष्ट. सांगता सांगता रडत होती. मी हातातला झारा तसाच धरून उभी राहिले. बाहेर जाऊन थांबवावं, असं वाटलं. पण इतकं मन लावून बोलताना मी तिला कितीतरी दिवसांनी ऐकत होते. कशी थांबवू?

पुढचं आपण जाणताच. ऑर्डरींनी फोन तापला. बरणीवर आता छापलेलं असतं, ‘बनवणाऱ्या आईंनी स्वतः कधीच न चाखलेला’. लोक मला लिहितात, आम्ही वांगं सोडलं, आम्ही पेरू सोडला, तुमच्याकडे पाहून बळ येतं. नीरजा हसते, भांडते, पार्सलवाल्याला बनारसी हिंदीत झापते. माझी सून मला परत मिळाली. मग तक्रार कसली, असं आपण विचाराल.

तक्रार अशी की मला आंबा खावासा वाटतो.

हसू नका. किंवा हसा, मलाही हसू येतं. या उन्हाळ्यात लंगडा बाजारात आला, घरात वास आला, आणि पहिल्यांदाच मला यांची आठवण येऊन रडू आलं नाही. वाटलं, यांच्या आठवणीतच बसून एक आंबा खावा. दुःख गेलं असं नाही हो. पण ते आता इतकं घरचं झालंय की त्याच्या शेजारी बसून खाता येईल. मी भावोजींना विचारायला गेले. मनातून भीत होते. ते म्हणाले, “वहिनी, हे तुमचं आणि गंगेचं. तुम्ही दुःखात सोडलात, सुखाने खा. गंगा काही पहारा ठेवत नाही.” मग फोनवर आमच्याच दुकानाचं पान उघडून मला दाखवत म्हणाले, “पण हे सगळे ठेवतात.”

तरी मी दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात गेले. आंब्याच्या गाडीवाल्याने गोडीची ग्वाही देत फोड कापून पुढे केली, “चख ला अम्मा, एकदम मीठ हौ।” हात पुढे गेला. बोटांना रस लागला, अध्यक्षमहाराज! आणि मागून एका मुलीने ओढणी सावरत विचारलं, “अरे, आप मुरब्बे वाली अम्मा हैं न? वही, जो आम नहीं खातीं?” माझ्या गळ्यात हात टाकून तिने फोटो काढला. मी हसले. मला आता तेवढंच येतं. फोड गाडीवाल्याला परत दिली आणि पदराला बोटं पुसून घरी आले.

यात दोष कुणाला द्यायचा? नीरजाने माझी लाज राखली. लोकांनी प्रेम केलं. आपण मंडळींनी शाल घातली. सगळ्यांनी चांगलंच केलं, आणि मी माझ्याच बरणीत झाकण लावून बसले आहे. मी खाल्लं तर दुकान खोटं पडतं. दुकान पडलं तर ती पोर पुन्हा भिंतीकडे तोंड करील, ही धास्ती मला झोपू देत नाही.

नीरजा पहिल्या रांगेत बसली आहे. मघापासून फोन माझ्याकडे धरून होती. हा समारंभ सगळीकडे आत्ताच्या आत्ता दिसणार, असं तिनेच निघताना सांगितलं होतं. म्हणजे ज्यांनी ऐकायला नको होतं त्यांनीही ऐकलं. आता तिने फोन मांडीवर ठेवलाय. रागावली की रडते आहे, मला इथून दिसत नाही.

मंडळाने माझा मान केला, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. मान ज्यासाठी दिला ते मी इथेच मोडीत काढलं, तेवढं म्हातारीचं म्हणून पोटात घाला. कुणाला शाल परत हवी असेल तर घडीसुद्धा मोडलेली नाही. आणि नीरजा, घरी दोघीच असताना हे मला बोलता आलं नाही, म्हणून इतक्या लोकांचा आधार घेतला, माफ कर. अनिमेषने काल आंबे आणलेत. आज घरी गेल्यावर तू एक फोड कापून माझ्या हातावर ठेवलीस तर मी खाईन. नाही ठेवलीस तरी मी काही विचारणार नाही, उद्याच्या पार्सलांच्या बरण्या सकाळी उठून पुसायला घेईन.