सबस्टेशनात घुसलेली आरती

खंडेनवमीची गंमत तुम्हाला सांगितलीच नाही. आमचे हे भिवंडीच्या एका विजेच्या सबस्टेशनात कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळतात. व्हायरसच्या भीतीने तिथे पेनड्राइव्हला बंदी; कोणी लावला, तर नोकरी यांची जाते.

नवं जोडपं म्हणून यंत्रांच्या पूजेला आम्हालाच बसवलं. आरती कोणालाच पूर्ण येईना, तेव्हा ऑपरेटर पाटीलकाकांनी खिशातला पेनड्राइव्ह सरळ कंट्रोलच्या कॉम्प्युटरला लावला. आरती सुरू झाली आणि अलार्मही. हे तबक धरून पांढरेफटक.

लगेच मोठ्या साहेबांचा फोन आला. काकांनी तो स्पीकरवर घेतला.

"सिस्टिममध्ये कोण घुसलंय?"

"गणपती हाय, साहेब."

"आत्ताच्या आत्ता बाहेर काढा."

"चालू आरती मधीच थांबवत न्हाय, साहेब."

मग फोनमधून साहेबांच्या टाळ्या ऐकू आल्या, अगदी ठेक्यात.