हातांनी बोलणाऱ्या बहिणी

मंडळी, आजच्या कीर्तनात माझा प्रश्न साधा आहे. माणसाला जगायला काय काय लागतं? तुम्ही म्हणाल, अन्न! बरोबर. पाणी! बरोबर. आणि नेट? बघा – हसलात! मागच्या काकांनी तर खिशातला फोन हळूच झाकला! हसा, काका, हसा. पण आधी हौसाबाईची गोष्ट ऐका, मग ठरवा.

घाटाखाली धनगरांची एक वाडी. पंचवीस घरं. तिथं हौसाबाई ढेबे. जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून वाचाही नाही. तिची धाकटी बहीण सगुणा, तीही तशीच. दोघी लहानपणी साताऱ्याला मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेत तीन वर्षं होत्या. अक्षरं ओळखण्यापुरतीच आली, वाक्य काही जुळेना. पण हातांनी बोलायला शिकल्या! आणि काय बोलायच्या! भांडण झालं की बोटांचा नुसता कडकडाट!

लग्नं झाली. सगुणा गेली इस्लामपूरला, हौसा या वाडीत. हौसाचा नवरा भला. तिच्या खुणा शिकला, रोज तिच्याशी बोलायचा. तीन वर्षांपूर्वी तो गेला, आणि मंडळी, त्या दिवसापासून त्या घरात हौसाशी बोलणारं कुणी उरलं नाही. दीर बाळकू वाईट नव्हता हो! भाकरी होती, मान होता. पण भाकरी वाढणं म्हणजे बोलणं नव्हे. नाही का?

मग वाडीत टॉवर आला. सगुणाच्या लेकीनं मावशीला फोन धाडला, आणि दुपारच्या वक्ताला पडद्यावर सगुणाचं तोंड दिसलं! तोंड कसलं – हात दिसले! त्या दिवसापासून गोठ्याच्या दगडी बांधावर बसून हौसा रोज बोलायची. म्हैस व्याली, आमटी खारट झाली, काय वाट्टेल ते! लोक म्हणायचे, "मुकी बघा, फोनवर गप्पा मारती!" मारणारच की!

आणि वळवाच्या पावसात टॉवरवर वीज पडली.

साधा फोन टेकाडावर चढलं की कसाबसा लागायचा. लोक म्हणाले, "बोलणं होतंय न्हवं? मग झालं तर!" अहो, तुमचं होतंय! ज्या बाईला ऐकूच येत नाही, तिनं तो फोन कानाला लावून करायचं काय?

हौसा रोज बांधावर बसे. पडदा मोकळा. फोन झटके, पदरानं पुसे, पुन्हा बघे. तिला वाटे, आपलंच काही चुकलं, आपल्यामुळंच फोन बिघडला. विचारणार कुणाला? आणि कसं?

दहाव्या दिवशी टेकाडावर बाळकूला इस्लामपूरचा फोन आला. सगुणाची लेक बोलत होती, "काका, आई दवाखान्यात हाय. मावशीची सारखी वाट बघती."

"सांगतो, सांगतो!" बाळकू म्हणाला. घरी आला. आता सांगायचं कसं? कपाळाला हात लावला, डोळे मिटले, मान टाकली. हौसानं बघितलं. लगबगीनं उठली, चूल पेटवली आणि दिराला तुळशीचा काढा करून आणला!

तिला वाटलं, यालाच ताप आलाय!

आणि बाळकूनं काय केलं? तो काढा प्याला. गप्प बसला. मनात म्हणाला, कळेल तिला पुढंमागं.

आठवड्यानं ग्रामसभा भरली. हौसा गेली, फोन उंच धरून सगळ्यांपुढं उभी राहिली. बोटं चालवली. कुणाला काही कळेना. सरपंच म्हणाले, "नेट हा पोरांचा खेळ हाय. आधी रस्ता, आधी पाणी!" आणि हसत घाटाकडं हात केला, "तिकडं जा वर! माथ्यावर नेट हाय!"

लोक हसले. पण हौसाला तो हात समजला! तशीच निघाली. दोन कोस चढ, उन्हातनं, एकटी. माथ्यावर ट्रक थांबतात ना, तिथं पोचली, आणि फोन थरथरला. थांबेचना! सगुणानं केलेले कॉल – एक नाही, दोन नाही, एकोणतीस! हौसानं फोन लावला. सगुणाच्या लेकीनं उचलला. डोळे सुजलेले. पोरीनं एक हात हळूच वर नेला आणि उघडला.

सगुणाला जाऊन तीन दिवस झाले होते.

खाली सगुणानं धाडलेला एक व्हिडिओ होता. खाटेवर पडलेली, हाताला सुई. तरी हात उचलून विचारत होती, "माझ्यावर रागावलीस का? निरोप मिळूनही आली नाहीस."

मंडळी, ती बाई भर रस्त्यात उभी होती. ट्रक भोंगे वाजवत जात होते, तिला एकही ऐकू येत नव्हता. फोन दगडाला टेकवून ठेवला तिनं, आणि त्या पडद्यातल्या बहिणीला दोन्ही हातांनी सांगत राहिली, "नाही गं. नाही गं. नाही."

पुढच्या सभेत बाळकू उठला. म्हणाला, "म्या तिला सांगू शकलो न्हाई. काढा पिऊन गप्प बसलो. आता काय हसायचं ते मला हसा." कुणी हसलं नाही. सरपंचांनी मान खाली घालून ठराव लिहिला. दोन महिन्यांनी टॉवर सुरू झाला.

बाळकू आता भावजयीकडून खुणा शिकतोय. पहिली शिकला 'आजारी', दुसरी 'बहीण'. ती शिकवते. पण तिचे हात पूर्वीसारखे धावत नाहीत.

आता सांगा, नेट गरज की चैन? हक्क की खेळ? ज्याच्याजवळ बोलायला चार तोंडं आहेत, त्यानं हे ठरवायचं, की जिच्याजवळ एकच होतं तिनं? रस्ता मागा, पाणी मागा, जरूर मागा! पण कुणाची गरज चैनीत जमा करण्याआधी त्या माणसाला विचारा. आणि विचारता येत नसेल, तर आधी त्याची भाषा शिका!

आज देवाचं नाव घ्यायचंय, पण आवाज नको. टाळ खाली ठेवा. ओठ मिटा. नुसते हात वर करा... असेच ठेवा...

जड झालं ना, मंडळी? आत्ताशी अर्धं मिनिटच झालंय.