चारशे कोठड्यांची दिशा

नाही, अनुरागसाहेब, बसा. कागद कुठं पळून जात नाही — आणि अब्बाही जात नाहीत, दुपारची नमाज पढून या केबिनमध्येच येतील, सही करायला. सही करायला त्यांना फार समजवावं लागत नाही. अठ्ठावीस वर्षं या देशात लोखंड वाकवलं आणि सह्या केल्या. कुणीही साहेब कागद पुढं सरकवतो, हुसेनमियाँ दोनदा उलटून बघतात, कळत काहीच नाही, आणि सही ठोकतात. कशावर केलीत, विचारलं तर म्हणतात, साहेब चांगला माणूस आहे. — तुम्हीही चांगलेच, मी कुठं नाही म्हणतो.

वाचलं मी. ‘दिशा ठरवण्याची संपूर्ण जबाबदारी फोरमन हुसेनमियाँ यांची होती.’ संपूर्ण. शब्द छान शोधलात. म्हणजे यांच्यावर केस, केस संपेपर्यंत देश सोडायचा नाही, मधेच इकामा, इथं राहायचा परवाना, संपला की काम नाही, औषध नाही. बासष्ट वर्षांचा माणूस. पुढच्या महिन्यात कायमचा घरी निघाला होता, रत्नागिरीला अम्मीनं भिंतींना रंग देऊन ठेवलाय. आणि तुमच्या कंपनीची ती सरकारशी भागीदारी — जमीन सरकारची, तुरुंग बांधणार कंपनी, पंचवीस वर्षं चालवणार कंपनी, कैद्यांचं जेवण, कपडे, नळ, कुलपं सगळं कंपनीकडं, सरकार फक्त पहारा देणार आणि वापरण्याजोग्या कोठड्यांचे पैसे मोजणार — त्या भागीदारीचे फोटो निघाले तेव्हा माझा बाप कुठल्या कोपऱ्यात होता? आता चुकलं, तर एकदम मधोमध.

तुम्हाला नाशिकच्या माणसाला चूक तरी कुणी नीट सांगितली का? शौचाला बसताना किब्ल्याकडं, म्हणजे मक्केकडं, तोंड नको आणि पाठही नको. इथं रियाधमध्ये किब्ला पश्चिमेकडं. म्हणून या सुलैच्या यार्डात नमुन्याची कोठडी केली तेव्हा भांडं उत्तरेला तोंड करून बसवलं. बरोबरच होतं, तपासणीवाल्यांनी पास केलं. मग तीच कोठडी चारशे वेळा काँक्रीटमध्ये भांड्यासकट ओतली, ट्रकवर चढवली आणि पार उत्तरेच्या टोकाला, तबूकला नेऊन त्याच दिशेनं रांगेत लावली. आणि तबूकहून मक्का कुठं? दक्षिणेला. चारशे भांडी, चारशेंची पाठ किब्ल्याकडं. सरकारी माणूस आत गेला, मोबाइल आडवा धरून किब्ल्याचा बाण बघितला आणि बाहेर आला. एकही कोठडी ताब्यात घेतली नाही. आता फोडा काँक्रीट.

आणि ही चूक अब्बांची, म्हणे. हा माणूस नव्या साइटवर पाय ठेवला की आधी जवळची मशीद शोधतो, तिची भिंत कुठं बघते ते पाहून येतो आणि मग खडूनं जमिनीवर बाण काढतो. शाळेच्या पोरासारखा. मी म्हणायचो, अब्बा, फोनमध्ये आहे सगळं, लोक हसतात तुम्हाला. मी, डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सोडून आलेला. तेही ऐकून घ्यायचे — डोकं फिरतं ते याच गोष्टीनं, ऐकून घ्यायचे. एक कानाखाली ओढायची ना. त्यांची पिढीच अशी, वरच्याला सलाम करते आणि पोराला डोक्यावर बसवते, मग पोर — तबूकच्या वेळी गुडघे सुजले होते त्यांचे, बसनं पंधरा-सोळा तास, कसे जाणार? म्हणाले, जुनैद, तू जा, मशीद बघून ये, मगच दिशेचा फॉर्म भर —

हो. मलाच म्हणाले.

गेलो नाही. याच खुर्चीत बसून लिहिलं, ‘दिशा नमुन्याप्रमाणे’, आणि तीन दिवस मित्राच्या खोलीवर लोळत पडलो. परत येऊन फॉर्म समोर धरला. साहेबांचे कागद निदान दोनदा उलटतात, माझा उलटला नाही. एवढंच विचारलं, मशीद बघितलीस ना? म्हटलं, बघितली. आणि केली सही.

त्यांना माहीत आहे, साहेब. तबूकचा फोन आला तेव्हा माझ्याकडं बघितलं, आणि विचारलं काय, तर जेवलास का.

तर खोडा त्यांचं नाव. जुनैद लिहा. बावीसचा आहे मी, काढीन तेवढे दिवस. आणा ते पेन — थांबा, केस किती दिवस म्हणाला होतात? परवा तर सहा महिने म्हणत होतात. आज माहीत नाही? म्हणजे वर्ष? दोन? आणि आत ठेवतात का — तसं नाही, विचारतो आपलं. सांगा ना. मान काय हलवता, हो की नाही ते सांगा —

आले. तुम्ही काही बोलू नका, ऐकताय ना, एक अक्षर नाही.

या अब्बा. काही नाही, साहेबांना एक सही हवी आहे. — हो, मी वाचलाय. ठीक आहे सगळं. — इथं, खाली.

झालं. साहेब, निघा आता तुम्ही.