काकांचं तिसरं नको

रवींद्र : ...म्हणून सांगतो, आपल्या लोकांच्या ‘नको’ला काही किंमत नाही! पहिलं ‘नको’ म्हणजे शिष्टाचार. दुसरं म्हणजे ‘अजून एकदा विचारा’.

नीलांबरी : आणि तिसरं?

रवींद्र : तिसऱ्यापर्यंत वाढून झालेलं असतं, यार.

नीलांबरी : माझ्या वर्गात नाही. सहा महिने दर शनिवारी क्लबहाउसमध्ये मी दहा आजी-आजोबांना हेच शिकवतेय. अर्धं ताट भाजी, पाव ताट डाळ, आणि एकदाच, स्पष्ट ‘नको’. मी डाव घेऊन आग्रह करते, ते ताटावर हात आडवा धरतात. चक्क प्रॅक्टिस करतो आम्ही.

रवींद्र : नको म्हणायची प्रॅक्टिस! एवढंच बघायचं राहिलं होतं अमेरिकेत, आपल्या एडिसनमध्ये. तुझा सगळ्यात पक्का विद्यार्थी कोण?

नीलांबरी : राजारामकाका. आणि रवी, दात काढू नकोस, ते मागेच उभे आहेत.

राजाराम : माझ्यावरच चाललं वाटते. काय म्हणते हा?

रवींद्र : काका, पैज लावतोय. रविवारी पाडव्याच्या जेवणात पंक्तीत मी वाढणार. तुम्हाला श्रीखंड खायला लावतो.

राजाराम : लाव नं बाप्पा. एसटीत अठ्ठावीस वर्षं स्टिअरिंग धरलं मी. घाटात मागून कोणी किती हॉर्न वाजवो, जागा नाही दिली तर नाही दिली.

नीलांबरी : थांबा. अट ठरवू दे. नुसता आग्रह करायचा. खोटं बोलायचं नाही. ‘शुगरफ्री आहे’ वगैरे चालणार नाही. ह्या माणसाने मागच्या दिवाळीत साबणाच्या वडीला वर्ख लावून काजूकतली म्हणून वाटली होती.

रवींद्र : तीन जणांनी खाल्ली पण! बरं, कबूल. खोटं नाही. हरणाऱ्याने काय करायचं?

नीलांबरी : शनिवारी वर्गात, सगळ्यांसमोर, कच्चं कारलं खायचं. अख्खं.

रवींद्र : ओक ट्री रोडच्या देशी दुकानातून जाडंजुडं बघून आण. तुलाच खायचंय.

राजाराम : शनिवारी नेहमीसारखं मीच म्हाताऱ्यांना गाडीत घालून आणीन. तमाशा पाहाले पाहिजेन त्यांना.

*

रवींद्र : या, या, नीलांबरीबाई! तीन दिवस फोन उचलला नाहीस. कारलं आणलंस? मीठ लावून देऊ?

नीलांबरी : आत येऊ?

रवींद्र : ये ना. अगं, रविवारी पाहिलंस ना कसे विरघळले काका? दोनदा हात आडवा धरला, आणि मग तीन वाट्या! वर डबासुद्धा भरून दिला मी. गपचूप घेतला.

नीलांबरी : तो डबा मंगळवारी त्यांच्या मुलाला, सत्यजितला, गाडीत मिळाला. रिकामा. काकांनी रविवारी रात्री पार्किंगमध्ये गाडीत बसून खाल्ला. म्हणाले, पथ्य मोडलंच होतं, तर म्हटलं आता काय.

रवींद्र : मग? एक दिवसाने काय होतं, यार.

नीलांबरी : सोमवारी सकाळी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं.

रवींद्र : काय?

नीलांबरी : बोट टोचलं. शुगर तीनशेच्या वर. डॉक्टर म्हणाले, आज नाही. घरी पाठवलं. पुढची तारीख अकरा आठवड्यांनी.

रवींद्र : मला कोणी बोललं का नाही! सत्यजित माझ्याबरोबर रोज ट्रेनला असतो, एक शब्द नाही!

नीलांबरी : काकांनीच बजावलं होतं, कोणाला सांगायचं नाही. ऑपरेशन म्हटलं की लोक पेढे घेऊन भेटायला येतात म्हणून.

रवींद्र : पैज लावताना तू तिथे होतीस. तुला माहीत होतं.

नीलांबरी : होतं. मला वाटलं, नको म्हणतील. माझा पहिल्या नंबरचा विद्यार्थी ना. मलाही मिरवायचं होतं, रवी. ते माझ्या डोक्यातून जात नाहीये.

रवींद्र : अकरा आठवडे ना? जातील. मी त्यांना रोज...

नीलांबरी : लायसन्स पुढच्या महिन्यात संपतंय. डोळ्यांची टेस्ट आहे, आणि या डोळ्यांनी ते पास होणार नाहीत. काल त्यांनी स्वतःच सत्यजितच्या हातात किल्ली दिली. म्हणाले, ड्रायव्हरला कळते कधी थांबायचं.

रवींद्र : आणि शनिवारची गाडी?

नीलांबरी : शनिवारची गाडी बंद. काका दर शनिवारी आणायचे ती सहा माणसं आता वर्गाला कशी येणार, मला माहीत नाही. त्यांच्या मुलांना शनिवारी वेळ नसतो. एक विचारू? तू त्यांना काय सांगितलंस? मी लांब होते. दोन वेळा हात आडवा होता, आणि मग तू वाकून काहीतरी बोललास आणि त्यांनी हात काढला.

रवींद्र : काही नाही. असंच.

नीलांबरी : रवी.

रवींद्र : शनिवारी सांगतो. माणसं मी आणतो. माझी व्हॅन आठ सीटची आहे.

*

(शनिवार, क्लबहाउस. टेबलावर एका ताटात एक हिरवं कारलं आणि सुरी.)

राजाराम : डावीकडे वळत होता तू, आरशात न पाहता. मागच्या सीटवर सुमित्राबाईंनी डोळे मिटून घेतले.

रवींद्र : शिकेन, काका. उद्यापासून शेजारी बसून शिकवा.

राजाराम : शेजारी बसून कंडक्टर होते माणूस. जाऊ दे. नीलांबरी, दे ते कारलं इकडे. तू माझ्यामुळेच हरली नं.

रवींद्र : नाही. ताट इकडे सरकव, नीलांबरी. मंडळी, जरा ऐका. पैज मी हरलोय.

राजाराम : काऊन? तीन वाट्या खाल्ल्या मी. सगळ्यांनी पाहिलं.

रवींद्र : खोटं बोलायचं नाही अशी अट होती. मी बोललो.

राजाराम : काय खोटं? त्यात साखर आहे हे तर मला मालूम होतं.

रवींद्र : मी तुमच्या कानात म्हटलं ना. शोभाकाकू मला म्हणायच्या, ‘आमच्या ह्यांनी नको म्हटलं ना, की समज भूक आहे. लाजतात. तू वाढत जा.’

राजाराम : हो. तशीच बोलायची ती.

रवींद्र : तशा बोलायच्या. पण हे नाही बोलल्या कधी. मी तिथल्या तिथे बनवलं. तुमचा हात हलेना, म्हणून.

राजाराम : नव्हती म्हणाली?

रवींद्र : नाही, काका.

राजाराम : कधीच नाही?

नीलांबरी : काका, पाणी देऊ?

राजाराम : राहू दे. मी सोमवारी त्या दवाखान्यात पडल्या-पडल्या हाच विचार करत होतो. म्हटलं, ऑपरेशन गेलं तर गेलं. ती गेल्यावर दोन वर्षांनी तिचं एक नवीन वाक्य तर भेटलं. श्रीखंडासाठी नाही खाल्लं रे मी. श्रीखंड तुमचं आंबट होतं.

रवींद्र : काका, मी...

राजाराम : खा आता. लोक थांबले आहेत.

नीलांबरी : चकत्या करून देते. मीठ?

रवींद्र : काही नको.

राजाराम : बिया काढू नको, नीलांबरी. अख्खं म्हटलं होतं.

नीलांबरी : हळू, रवी. पाणी पी मध्ये.

राजाराम : पाहा, कोणी हसत पण नाही. एवढा नकल्या माणूस, तोंड कसं झालं आहे त्याचं. संपलं? आण, ताट दाखव.

रवींद्र : संपलं.

राजाराम : पिशवीत अजून एक दिसते. वाढू?

रवींद्र : नको, काका.

नीलांबरी : काका, पुन्हा विचारा. आपल्या वर्गात तीनदा विचारतो आपण.

राजाराम : नाही. एकदा म्हणाला नं तो.