छोट्या फाइली

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बाकावर आजीने डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की लोक मोकळं बोलतात, हे तिला पक्कं ठाऊक. पुढे दुकानदार आणि एक काका बोलत होते.

"आमच्या हिने कीबोर्डवर वाजवलेली गाणी आहेत या लॅपटॉपमध्ये. उघडली की नुसता पियानो वाजतो."

"काका, या मिडी फाइली. कुठली पट्टी कधी दाबली, एवढंच यात असतं. वाद्य सॉफ्टवेअर लावतं. तुमच्याकडे पियानो ठरवलेला आहे."

"आणि ती वाजवताना गायची, ते?"

"ते रेकॉर्डिंगच्या फाइलीत. मोठ्या असतात त्या."

"होत्या. गाणं तेच, नाव तेच. म्हटलं, दोन-दोन कशाला? छोट्या ठेवल्या."

"आणि मोठ्या?"

"ती गेल्यावर आवराआवर केली, तेव्हा पुसल्या. त्या ज्यात होत्या तो जुना कॉम्प्युटरही भंगारात दिला."

"अरेरे. मग नाही हो मिळायच्या."

"काहीच होणार नाही?"

"पियानोऐवजी दुसरं काही कायमचं लावून देतो. बाईच्या आवाजासारखंही आहे एक, नुसतं 'आ' करणारं."

"कुठल्या बाईचा?"

"कुणाचाच नाही."

"लावा."

गाणं सुरू झालं. काकांनी कान स्पीकरला लावला.

"जमतंय का, काका?"

"दर ओळीला धाप लागायची तिला, मी हसायचो. ही बाई श्वासच घेत नाही हो."